किट मिळेपर्यंत थांबू नका

तुमच्या मॉडेल रेल्वेसाठी फोल्मर या जर्मन कंपनीचं जुनं स्टेशनचं किट (जोडून छोटी इमारत उभी करायचे सुटे भाग) कुठेच मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. फोल्मर आणि किब्री ही दोन्ही नावं आता फीसमान या जर्मन कंपनीकडे आहेत, तेव्हा त्या नावानेही शोधून बघा.

पण पहिल्याच लेआउटसाठी (रूळ, स्टेशन वगैरेंच्या मांडणीसाठी) परदेशी किट, वर कस्टम ड्यूटी, हे मला पटत नाही. नाशकात आर्किटेक्चरची मुलं जिथून सामान घेतात, तिथे माउंटबोर्ड (जाड, कडक पुठ्ठा) विचारा आणि स्टेशन घरीच बनवा. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात खरा एक फूट म्हणजे ३.५ मिमी, म्हणजे सात फुटी दार २४.५ मिमी. देवळाली स्टेशनवर जाऊन दारं-खिडक्या नीट पाहून घ्या आणि याच हिशोबाने कापा. रंगाचा हात मात्र बोर्डाच्या दोन्ही बाजूंना द्या, नाहीतर पावसाळ्यात भिंती हमखास वाकतात.