गाव हलवलं तर होडी कुठे बांधायची?

दिवाळ्याची सून (बेलापूर):
मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी पनामातल्या गार्डी सुगदुब बेटाबद्दल वाचलं. समुद्र चढतोय, बेटावर माणूस मावत नाही, म्हणून 2024 च्या जूनमध्ये तिथली गुना या आदिवासी समाजाची सुमारे 300 कुटुंबं मुख्य भूमीवर गेली. फोटोत एकसारखी घरं, सरळ रस्ते. बघून पोटात कालवलं. मासेमारीवर जगणाऱ्याने जाळी कुठे वाळवायची? उधाणाच्या रात्री होडीवर नजर कोण ठेवणार? आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळी शेती गेली, मोबदल्याचे कागद अजून ट्रंकेत आहेत. म्हणून विचारते, अख्खं गाव कुठे नीट हललंय का? घर मिळालं हे सांगू नका, धंदा टिकला का ते सांगा.

ऐरोली खाडीकाठ:
ताई, फिजीतलं वुनिदोगोलोआ बघा. 2014 मध्ये गाव सुमारे 2 किलोमीटर आत, उंचावर नेलं. जमीन त्यांच्याच कुळाची, त्यामुळे कुणाच्या दारात उपरे म्हणून जावं लागलं नाही. मत्स्यतळीही करून दिली.

कळव्याचा मास्तर:
सगळीकडे अशी जमीन नसते. प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशाची वस्ती 11 हजारांच्या आसपास. ऑस्ट्रेलियाशी त्यांचा फालेपिली करार 2024 मध्ये लागू झाला. वर्षाला 280 जणांना तिकडे राहता येईल, नावं सोडतीने निघतात. समुद्र कितीही चढला तरी तुवालू देश म्हणून कायम राहील, हेही करारात आहे आणि ते मोलाचं आहे. पण सोडतीत माणूस जातो, गाव जात नाही. एका भावाचं नाव निघालं, दुसऱ्याचं नाही, तर आईने कुणाकडे राहायचं?

दिवाळ्याची सून:
मास्तर, हेच मला खुपतं. आणि दादा, तळ्यात मासा पाळता येईल, पण चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी हे भरती-ओहोटीचं काम आहे. माझी सासू चिखलाचा रंग बघून सांगते आज काय मिळेल. ती विद्या तळ्याकाठी कशी चालेल?

ऐरोली खाडीकाठ:
खरंय. गार्डी सुगदुबचीही काही कुटुंबं बेटावरच राहिली. जे गेले त्यांनी मात्र स्वतः ठरवून, वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागून वसाहत मिळवली. आपल्याकडे आधी नकाशा येतो, मग गावाला विचारतात.

दिवाळ्याची सून:
मग आपण आधीच लिहून ठेवू या. पुढच्या गावबैठकीत मांडणार आहे: होड्या लावायची जागा, जाळी विणायचा ओटा, खाडीपर्यंतची वाट आणि मासे विकायचा बाजार, हे सगळं घराच्या आधी. मास्तर, अर्जाची भाषा तपासून द्याल का?