मुंबई मॅरेथॉनला मैत्रिणींसाठी नुसतं उभं राहायचंय. कुठे, कधी आणि ओरडायचं काय?

तारामुंबरीकरीण (देवगड)

नमस्कार मंडळी. आमचा इथे सकाळचा बायकांचा गट आहे. आधी सगळ्या पवनचक्क्यांपर्यंत चालायचो, मग त्यातल्या तिघी पळायला लागल्या. मी नाही लागले. गुडघा साथ देत नाही आणि खरं सांगायचं तर हौसही नाही. आता जानेवारीत तिघी मुंबईला निघाल्यात. एक पूर्ण ४२ किलोमीटरला, दोघी अर्ध्या मॅरेथॉनला. आणि त्यांच्यामागून मी, टाळ्या वाजवायला.

घरात यावरून चेष्टा चाललीय. सासूबाई म्हणतात, "पळतली ती, दमतली ती, आणि तू थंय जाऊन काय करतलंस?" मला काही उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे विचारते.

एकाच जागी उभं राहून तिघी दिसतील का? पूर्णवाली किलोमीटरला साधारण सात मिनिटं घेते, अर्ध्यावाल्या साडेसात. बरोबर काय न्यावं? फणसपोळीचे तुकडे आणि कोकम सरबत असं डोक्यात आहे. शनिवारी दुकान बंद ठेवणं जिवावर येतं, तर कोकणकन्येने रविवारी पहाटे उतरून थेट गेलं तर जमेल का? आणि मुख्य म्हणजे ओरडायचं काय? टेनिस बॉलच्या मॅचला आम्ही जे ओरडतो ते मुंबईत चालेलसं वाटत नाही.

---

गिरगावचा चाकरमानी

तू देवगडची म्हणजे गाववालीच, मी आचऱ्याचा. तेव्हा अहो-जाहो करत नाही.

कोकणकन्येचा विचार आधी सोड. ती वेळेवर आली तरी सीएसएमटीला साडेपाच वाजून जातात, आणि वेळेवर येण्याबद्दल तुला मी काय सांगायचं! तोवर फुल मॅरेथॉनवाले सुटलेले असतात. शुक्रवारी रात्रीच नीघ. शिवाय पळणाऱ्यांना छातीवर लावायचा नंबर, म्हणजे बिब, आधी स्वतः जाऊन घ्यावा लागतो, शर्यतीच्या दिवशी देत नाहीत. म्हणजे तुझ्या मैत्रिणी आधी येणारच आहेत. त्यांच्याबरोबरच ये.

जागेचं म्हणशील तर मरीन ड्राइव्ह. डोळे मिटून. आता हिशोब बघ. फुल सीएसएमटीपासून सुटते, हाफ माहीमहून, दोन्ही पहाटे पाचच्या सुमारास. बंदूक उडाली की लगेच कोणी पळत नाही, मागच्या गठ्ठ्यातल्यांना रेषेपर्यंत पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. समज तिघींनी ५:२०ला रेषा ओलांडली. हाफवाल्या साडेसातच्या गतीने मरीन ड्राइव्हला येतील साडेसात-पावणेआठला. फुलवाली जाताना पावणेसहाच्या आसपास एकदा तिथूनच जाईल, पण तेव्हा मिट्ट काळोख आणि ही गर्दी, दिसली तर नशीब. ती खरी दिसणार परतताना, ३८ किलोमीटर संपल्यावर. तिच्या गतीने पावणेदहा होतात. त्यात वीसेक मिनिटं धर, कारण शेवटी सगळेच ढेपाळतात. म्हणजे एका जागेवरून तिन्ही माणसं, हाफ आणि फुलच्या मध्ये दोन तास चहाला.

जायचं लोकलनेच. त्या दिवशी पहाटे जादा लोकल सोडतात आणि रस्ते बंद, त्यामुळे टॅक्सी कुठे सोडेल सांगता येत नाही. चर्नी रोडला उतरलीस तर चौपाटीचं टोक, मरीन लाइन्सला उतरलीस तर मधला भाग. मी मरीन लाइन्स म्हणेन, चौपाटीपाशी रेटारेटी असते. मार्गात अधूनमधून बदल होतात, तेव्हा यंदाचा नकाशा बघून पळणारे कुठल्या बाजूने येणार ते आदल्या दिवशीच पक्कं कर. चुकीच्या बाजूला उभी राहिलीस की मध्ये माणसांची नदी, ओलांडू देत नाहीत. द्यायलाही नको.

शेवटच्या रेषेपाशी जायच्या फंदात पडू नको. आत फक्त बिबवाले. भेटायची जागा आधी ठरवा, मेट्रो सिनेमाचा कोपरा बरा. "फोन करते" यावर विसंबू नका. तिचा फोन सामानाच्या पिशवीत असतो आणि तुझ्या फोनला रेंज नसते.

---

कातळावरचा (रत्नागिरी)

ताई, मी पळणाऱ्यांतला. त्यामुळे सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

पहिले पंधरा-वीस किलोमीटर तुमची गरज नसते. मुंबईत पळणाऱ्याचा उत्साह ऊतू चाललेला असतो, दोन्ही बाजूंना माणसं, कुठे बँड, कुठे शाळेची पोरं. त्या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या काय, न वाजवल्या काय. मग वांद्रे-वरळी सी-लिंक येतो. साडेपाच किलोमीटरच्या वर लांबी, एरवी पायी जायला बंदी आणि शर्यतीच्या दिवशीही प्रेक्षकाला प्रवेश नाही. एकदम सगळं बंद. बुटांचा आवाज आणि शेजारच्याचा श्वास, बस. काहींना ते आवडतं. मला तिथे घरची आठवण आली आणि आपण हे कशाला करतोय असं वाटायला लागलं.

पण खरा मार पुढे. मी पळालो तेव्हा परतीला पेडर रोडचा चढ होता, ३५ किलोमीटर पायात घेतल्यावर. आमच्या रत्नागिरीच्या घाटरस्त्यांपुढे तो चढ म्हणजे काहीच नाही, गाडीने जाताना कळतसुद्धा नाही. पण तोवर नऊ वाजून गेलेले, ऊन डोक्यावर, हवा दमट, मिठाने कपाळ खरखरीत झालेलं. मी चालायला लागलो होतो. माझ्या आजूबाजूचे सगळेच चालत होते. डाव्या पोटरीत गोळा येत होता, जात होता.

तिथे वळणावर चार-पाच जण उभे होते, आपल्याकडचे, बोलण्यावरून मालवण-कुडाळ पट्ट्यातले. एकाच्या हातात भजनातली झांज. त्यातला एक पोटसुट्या गृहस्थ चक्क गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं, घालत होता. माझ्या बिबवरचं नाव वाचलं आणि सुरू झाला: "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या पायात जो काय गोळो इलो असात, तो भायर काढून टाक रे म्हाराजा!" आणि बाकीचे एका दमात, झांजेसकट: "होय म्हाराजा!" "ह्येका चौपाटी दिसाक दी रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!"

शेजारून चालणाऱ्या एका पंजाबी दिसणाऱ्या माणसाला काही कळलं नाही, पण तोही पळायला लागला. मी हसलो. हसताना खांदे सैल पडले, आणि पाय आपोआप हलले. गोळा काही गेला नाही, पण चौपाटी दिसली. तो माणूस कोण, कुठला, काही ठाऊक नाही. त्याला नंतर शोधायला हवं होतं असं अजून वाटतं.

तेव्हा ओरडायचं काय? नाव. फक्त नाव, आणि घरातलं असेल तर उत्तम. बिबवरचं नाव अनोळखी माणूसही घेतो, पण "पिंटे!" अशी हाक कोण मारणार? मग काहीतरी खरं सांगा: "पुढे उतार आहे", "पाण्याचं टेबल डाव्या हाताला". "थोडंच राहिलं" हे कृपा करून ओरडू नका. ३० किलोमीटरला कोणीतरी मला ते म्हणाला होता आणि माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "छान दिसतेयस" हेही नको. ती छान दिसत नसते, आणि तिला ते माहीत असतं.

जागेबद्दल चाकरमान्यांशी थोडा मतभेद. मरीन ड्राइव्ह सोयीचं आहे, मान्य. पण तिथे हजारो लोक असतात. झेपत असेल तर हाफवाल्या दिसल्यावर उलट दिशेने, बाबुलनाथाकडून वर चालत जा आणि चढ संपतो तिथे थांबा. माणूस जिथे मोडतो तिथे उभं राहण्यात मजा आहे.

---

पायाला भिंगरी (चिपळूण)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून खाण्यापिण्याचं आणि दुखण्याखुपण्याचं तेवढं सांगते. बाकी चालू द्या.

फणसपोळी नको. मला स्वतःला प्रचंड आवडते, पण ३८ किलोमीटरला तोंड सुकलेलं असताना ती टाळ्याला चिकटेल आणि बाई गुदमरेल. शर्यतीच्या दिवशी नवीन काही पोटात घालायचं नाही, हा नियम. सरावाला ती जे खाते तेच न्या. संत्र्याच्या सोललेल्या फोडी बहुतेकांना चालतात, बिया काढून. कोकम सरबत सरावाला मीठ घालून घेतलं असेल तर जरूर, नसेल तर शर्यत संपल्यावर.

पाणी पाजायचा आग्रह करू नका. आपल्याला वाटतं घामाघूम झालीय, ढोसू दे दोन बाटल्या. तासन्‌तास घाम गाळल्यावर नुसतं साधं पाणी भरमसाट प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वागणं, आणि वाढलं तर जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तेवढं पुरे.

वेदनाशामक गोळी पर्समधून काढून देऊ नका. पळताना शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. पोटरीत गोळा आला तर थांबवा, पाऊल हळूहळू नडगीकडे ओढून धरा, झटका द्यायचा नाही. बोलणं अडखळतंय, तोल जातोय, तुम्हाला ओळखायला वेळ लावतेय असं दिसलं तर "शाब्बास, चल" न म्हणता सरळ वैद्यकीय मदतीच्या स्वयंसेवकाला हाक मारा. मैत्रीण रागावेल. रागावू द्या.

आणि तिच्याबरोबर पळू नका, दहा पावलंसुद्धा. तुमच्याकडे बिब नाही.

संपल्यावर लगेच बसू देऊ नका, पाचेक मिनिटं हळूहळू चालवा. सुका टी-शर्ट आणि मोकळ्या चपला न्या. चपला विसरू नका हो, अंगठ्याची नखं काळीनिळी झालेली असतात आणि बुटात पाय परत घालवत नाही.

---

उकडा तांदूळ (अलिबाग)

सगळे एवढं गोड लिहितायत म्हणून मी जरा कडू लिहिते. माझा नवरा पळतो, मी दरवेळी जाते. आणि मला कंटाळा येतो.

पहाटे तीनला उठायचं, चार तास उभं राहायचं आणि आपलं माणूस समोरून जातं दहा सेकंदांत. त्यातले पाच सेकंद आपण फोन काढण्यात घालवतो. म्हणून पहिली सूचना: फोटो काढू नका. दुसरी: घडीचं छोटं स्टूल. गुडघ्याचं म्हणालात ना? तिसरी गोष्ट कोणी पुरुष सांगणार नाही. पहाटे चहा मोजून प्या आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते उजाडल्या उजाडल्या पाहून ठेवा.

ॲपवर पळणाऱ्याची जागा कळते, पण ते काही सतत नसतं. बिबमध्ये चिप असते, रस्त्यावर ठरावीक अंतरावर चटया टाकलेल्या असतात, त्यावरून पाय गेला की नोंद. दोन चटयांच्या मधलं सगळं अंदाजपंचे. एकदा ॲपने नवरा अजून मागे दाखवला, आणि तो प्रत्यक्षात माझ्या पाठीमागे उभा राहून माझंच स्टूल मागत होता.

मधल्या वेळात बघण्यासारखं एकच: एलिट मंडळी, म्हणजे जिंकायला आलेले कसलेले धावपटू. ती बाकीच्या फुलवाल्यांनंतर सुटतात, उजाडल्यावर. केनिया-इथिओपियाचे ते बारीक पोरगे येतात आणि जातात, टाळीसाठी हात वर करेपर्यंत पुढच्या खांबापाशी. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने इथे २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत संपवली. माझा नवरा तेवढ्या वेळात हाफ करतो. आपल्या बायकाही बघा. साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर इथे लागोपाठ तीनदा भारतीय महिलांत पहिली आली होती, मग पुढे रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचली.

आणि एवढं सगळं म्हणून मी पुन्हा जाणार आहे. का, ते विचारू नका.

---

तारामुंबरीकरीण

सगळ्यांचे आभार. तुतारी एक्स्प्रेसची शुक्रवारची तिकिटं काढली, दादरला उतरू. दुकान शनिवारी नवरा सांभाळतो म्हणाला, बघू काय सांभाळतो ते. फणसपोळी यादीतून काढली. नेईन पण मीच खाईन, दोन तास आहेत ना मध्ये.

मरीन ड्राइव्हला हाफवाल्या बघून चढाकडे जायचं ठरवलंय. गुडघ्याचं तेव्हा बघू, स्टूल आहेच. आमच्या देवळातल्या भजनी मंडळाने झांजा द्यायचं कबूल केलंय. फक्त अडचण अशी की गाऱ्हाणं घालायला मी, पण "होय म्हाराजा" म्हणायला कोण? एकटीने दोन्ही केलं तर लोक वेडी म्हणतील.

---

गिरगावचा चाकरमानी

आमच्या चाळीत आचरा, पोईप, कट्टा धरून सात-आठ माणसं सहज निघतील. रविवारी सकाळी उठवायचं काम माझं. साडेआठला बाबुलनाथापाशी येतो, फुलवालीचं घरातलं नाव तेवढं आधी कळव.