‘पारोइकोस’साठी मराठी शब्द कोणता : परदेशी, उपरा, यात्रेकरू की स्थलांतरित?

पाणंद

आमच्या धर्मग्रामासाठी, म्हणजे आमच्या चर्चच्या भाविकांसाठी, उपवासकाळातील चिंतनांची पुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रातील दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या वचनापाशी मी अडलो आहे. तेथे प्रेषित आपल्या वाचकांना दोन ग्रीक शब्दांनी हाक मारतो : ‘पारोइकोस’ आणि ‘पारेपिदेमोस’. पहिला म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तीत, तिथला हक्क नसताना, घर करून राहणारा. दुसरा म्हणजे काही काळापुरता मुक्कामाला आलेला. मी ‘स्थलांतरित आणि प्रवासी’ असे लिहिले होते. कच्चा मजकूर वाचणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी ‘स्थलांतरित’ खोडून ‘यात्रेकरू’ केले आणि समासात लिहिले की हा शब्द वर्तमानपत्रात शोभतो, प्रार्थनेत नाही. मराठी बायबलच्या निरनिराळ्या भाषांतरांत परदेशी, परका, उपरा, प्रवासी हे शब्द आलटूनपालटून येत असल्याने तेथूनही निर्णय मिळत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

समई

त्या बाईंचे म्हणणे मला पटते. या वचनाच्या लॅटिन भाषांतरात ‘पेरेग्रीनुस’ हा शब्द आहे आणि युरोपातील भाषांमध्ये यात्रेकरूसाठी जे शब्द रूढ झाले ते त्याच्यापासूनच आले. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेल्यानंतर संत ऑगस्टीनने ‘देवाची नगरी’ हा ग्रंथ लिहावयास घेतला, आणि त्यात पृथ्वीवरील भक्तसमुदायाचे वर्णन परदेशातून वाटचाल करणारी नगरी असेच केले आहे. स्थलांतर पोटासाठीही होते, दुष्काळामुळेही होते; ज्याला दिशा आहे आणि शेवटी देव आहे, त्याच चालण्याला मराठीत यात्रा म्हणतात. चिंतनाच्या पुस्तिकेत तोच अर्थ हवा.

जुने दप्तर

समईताई, ‘पेरेग्रीनुस’ हा मुळात रोमन कायद्यातला शब्द आहे. गुलाम नसलेल्या, पण रोमचे नागरिकत्वही नसलेल्या माणसाला तो लावत. यात्रेकरू हा अर्थ त्याला पुढे चिकटला. म्हणून या वादात पडण्यापूर्वी पेत्राला ही जोडी मिळाली कोठून, ते पाहणे आवश्यक आहे.

उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात सारा मरण पावते आणि अब्राहाम हेब्रोन येथे हेथी लोकांपुढे उभा राहून तिला पुरण्यासाठी जागा मागतो. त्या वेळी तो स्वतःला हिब्रूत ‘गेर’ आणि ‘तोशाव’ म्हणवतो, आणि ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरात त्या ठिकाणी पेत्राचे हेच दोन शब्द याच क्रमाने आहेत. अब्राहामाकडे कळप आहेत, चाकर आहेत, चांदी आहे, आणि हेथी लोक त्याला देवाचा सरदार म्हणून मान देतात. नाही ती फक्त जमीन, आणि तीही इतकी नाही की बायकोचे प्रेत पुरण्याची सोय नाही. मग वेशीत जमलेल्या सर्वांच्या साक्षीने तो शेताचा मालक एफ्रोन याला चारशे शेकेल रुपे तोलून देतो, आणि मकपेलाचे शेत, त्यातील गुहा व हद्दीतील झाडे त्याच्या नावे होतात. हा सारा तपशील एखाद्या खरेदीखतासारखा आहे.

दख्खनच्या गावगाड्यात या स्थितीला नेमका शब्द होता. ज्याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क तो मिरासदार, आणि जो बाहेरून येऊन जमीन कसतो, सारा भरतो, पण ज्याचे मूळ गावात धरले जात नाही तो उपरी. पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यातही मिराशी आणि उपरी हा भेद नोंदवलेला आहे. आता लेवीयचा पंचविसावा अध्याय वाचावा. योबेलच्या पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, असा नियम घालताना देव कारण देतो : जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे गेर आणि तोशाव आहात. म्हणजे वचनदत्त देशात पोचल्यावर, शेते वाटून घेतल्यावरही इस्राएल उपरीच राहते आणि मिरासदार एकच असतो. ही जी आध्यात्मिक कल्पना आहे ती जमिनीच्या हक्कातून उगवलेली आहे, आणि ‘यात्रेकरू’ म्हटले की जमीनच नाहीशी होते. माझे मत ‘उपरी’ या शब्दाला आहे.

अक्षरओळ

विवेचन मोलाचे आहे, परंतु ‘उपरी’ हा शब्द दप्तरांबाहेर आज कोणालाही कळणार नाही. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातून मेलेले शब्द उठवून प्रार्थनेत बसवले तर प्रार्थना करणाऱ्याचा श्वास कोशातच अडकतो. जिवंत आहे तो ‘उपरा’, आणि तो सर्वांना समजतो.

समई

समजतो, म्हणूनच त्याची भीती वाटते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आल्यापासून या शब्दात भटक्या जमातींच्या वाट्याला आलेला अपमान साठलेला आहे, आणि तो अपमान ज्यांनी भोगला त्यांचा आहे. बंगल्यात राहणाऱ्या भाविकाने रविवारी ‘आम्ही उपरे’ म्हणावे आणि सोमवारी दारात आलेल्या मजुराला हाकलावे, याला मी चिंतन म्हणणार नाही.

जुने दप्तर

आपण सांगितलेला धोका खरा आहे, आणि शास्त्राला तो ठाऊक आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात गेरावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे आणि लगोलग कारण आहे, की तुम्ही मिसर देशात गेर होता. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात तर गेराचा ‘नेफेश’, त्याचा जीव, तुम्ही जाणता असे म्हटले आहे. रविवारचा शब्द आणि सोमवारचा शब्द एकच असला तरच ही आज्ञा टोचेल. चर्चमध्ये यात्रेकरू आणि रस्त्यावर उपरा अशी विभागणी केली की ती टोचणी राहत नाही.

निरुक्त

‘गेर’ आणि आपल्याकडचा ‘गैर’ हे एकच असावेत असे मला फार दिवस वाटत आले आहे. गैरहजर, गैरसमज यांतला ‘गैर’ अरबीतून आला, अरबी आणि हिब्रू या भगिनीभाषा आहेत, आणि अर्थही ‘दुसरा, वेगळा’ असाच आहे. तसे असेल तर मराठीत हा शब्द आधीच घरात आहे.

किनारपट्टी

ध्वनी जवळचे असले तरी धातू निराळे आहेत. ‘गेर’ हा ‘गूर’ म्हणजे वस्ती करणे या धातूपासून आला, आणि त्याचा अरबी भाऊ ‘गैर’ नसून ‘जार’ आहे, ज्याचा अर्थ शेजारी. त्याच अरबी धातूपासून ‘मुजाविर’, म्हणजे पवित्र स्थानाजवळ राहणारा, आणि त्यावरून आपल्याकडे दर्ग्याची सेवा करणारा मुजावर आला. म्हणून गेराच्या पोटात परकेपणाबरोबर शेजारही आहे. पंधराव्या स्तोत्राचा आरंभ ‘हे परमेश्वरा, तुझ्या मंडपात कोण राहील’ असा आहे, आणि तेथे ‘राहील’साठी हाच ‘गूर’ धातू वापरला आहे. एकोणचाळिसाव्या स्तोत्रात तर भक्त देवालाच सांगतो की मी तुझ्याजवळचा गेर आहे, माझ्या सर्व पूर्वजांसारखा. ‘परदेशी’ या शब्दात हे जवळ असणे अजिबात येत नाही.

यापुढे जे लिहिते ते मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहूदी, घरातली म्हणून लिहिते. पुढच्या काळातील धर्मशास्त्रात ‘गेर’ हा शब्द धर्म स्वीकारून आलेल्या माणसासाठी स्थिरावला, आणि त्यामुळे आमच्या कानाला तो कधीच निव्वळ अध्यात्माचा वाटत नाही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांच्या वंशाविषयी विवाहाच्या वेळी शंका घेतल्या गेल्या, त्याविरुद्ध त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, आणि १९६४ मध्ये त्यांचे यहूदीपण निःसंदिग्धपणे मान्य झाले. कोकणातल्या गावांची नावे आडनावात घेऊन शतकानुशतके राहिलेले लोक ‘वर चढणे’ असा अर्थ असलेल्या अलियाने पूर्वजांच्या देशात पोचले, आणि तेथे त्यांना तुम्ही कोण असे विचारण्यात आले. अब्राहामाचे हेब्रोनमधले वाक्य आमच्या वडीलधाऱ्यांना स्पष्टीकरणाशिवाय कळते.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री आम्ही जी हग्गादा ही पोथी वाचतो, तिच्या मराठी आवृत्त्या १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापल्या गेल्या. तिच्या गाभ्यात अनुवादच्या सव्विसाव्या अध्यायातले वाक्य आहे : ‘अरामी ओवेद आवी’. सरळ अर्थ घेतला तर ‘माझा बाप भटका अरामी होता’, किंवा ‘नाशाच्या कडेला आलेला अरामी होता’. हग्गादा मात्र ते ‘एका अराम्याने माझ्या बापाचा नाश करू पाहिला’ असे वाचते आणि बोट याकोबाचा सासरा लाबान याच्याकडे दाखवते. मध्ययुगीन यहूदी भाष्यकारांपैकी राशीने हग्गादेचा अर्थ घेतला, तर इब्न एझ्राने व्याकरणाच्या आधारावर तो नाकारला. शेतकरी पहिल्या फळांची टोपली वेदीपुढे ठेवताना हे वाक्य म्हणतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हातात स्वतःच्या शेताचे पीक आहे, आणि तोंडी बापाचे भटकणे आहे.

निरुक्त

मुजावराचा संबंध मला नवा आहे आणि तो आनंदाने स्वीकारतो. याच ओघात ‘परागंदा’ या शब्दाकडेही लक्ष वेधतो. फारसीत त्याचा मूळ अर्थ विखुरलेला असा आहे, आणि पेत्राच्या पत्राच्या पहिल्याच वचनात जो ‘डायस्पोरा’ आहे त्याचाही अर्थ विखुरणेच. मराठीत परागंदा होणे म्हणजे मुलूख सोडून परमुलखात जाणे. पाँत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया येथे विखुरलेल्यांना याहून चपखल शब्द नाही.

अक्षरओळ

परागंदा माणूस लपत असतो. त्याच्यामागे कर्ज, गुन्हा किंवा शत्रू असतो. बाबेलच्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने जे पत्र पाठवले, त्यात घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. परागंदा झालेल्यांना कोणी मळे लावायला सांगत नाही. शब्दाचा फारसी जन्म पाहून त्याचे आजचे मराठी आयुष्य पुसता येणार नाही.

समई

मी पुन्हा यात्रेकडे वळते. ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ हा तुकोबांचा अभंग मराठी ख्रिस्ती माणसालाही परका नाही. आपले खरे गाव पलीकडे आहे आणि येथे आपण थोडे दिवसांचे आहोत, एवढेच पेत्राला म्हणायचे असेल, तर त्यासाठी मराठीत इतका सुंदर मार्ग तयार असताना महसुली कागदपत्रे कशासाठी चाळावीत?

जुने दप्तर

कारण हे दोन मार्ग एका ठिकाणी जात नाहीत. अभंगातले गाव आपले आहे, तेथून आलो आणि तेथे परत जायचे आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहामाविषयी म्हटले आहे की आपण कोठे जातो हे ठाऊक नसताना तो निघाला. आणि पंधराव्या वचनात अधिक स्पष्ट केले आहे की सोडून आलेला देश त्यांच्या मनात असता तर परत जाण्याची संधी त्यांना होती. ते ज्याची उत्कंठा धरतात तो देश त्यांनी कधी पाहिलेला नाही. ‘माहेर’, ‘आपुले गाव’, ‘परतणे’ हे शब्द आणले की हा धागा तुटतो. वारकरी पंढरीहून घरी येतो. अब्राहाम आपल्या मूळ गावी, ऊरला, परत गेला नाही.

अक्षरओळ

मग इफिसकरांस पत्राचे काय करायचे? दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आता तुम्ही परके आणि ‘पारोइकोस’ राहिला नाहीत, पवित्र जनांचे सहनागरिक झाला आहात. एकाच शब्दाने पेत्र भाविकांना ओळख देतो, आणि पौल ती ओळख काढून घेतो. दोन्हीकडे ‘उपरा’ ठेवला तर वाचकाला ही ओढाताण दिसेल, आणि ती दिसायला हवी असे माझे मत आहे. एकीकडे यात्रेकरू आणि दुसरीकडे उपरा केले, तर हे दोघे प्रेषित एकाच शब्दाविषयी बोलत आहेत हे मराठी वाचकाला कधीच कळणार नाही.

पाणंद

सर्वांचे आभार. यातून माझ्यापुढे दुसराच प्रश्न उभा राहिला आहे. ‘पारोइकोस’पासून ‘पारोइकिया’, म्हणजे उपऱ्यांची वस्ती, हा शब्द झाला, आणि त्याचेच रूप पुढे पॅरिश. वसईत आम्ही पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतो. ग्राम म्हणजे स्थिर, मुळे धरलेले गाव. ज्या शब्दात आपण येथले नाही ही जाणीव होती, त्याच्या जागी आपण नेमका उलटा शब्द बसवला, असे म्हणावे लागेल का?

समई

अजिबात नाही. धर्मग्राम हा आपल्या लोकांनी स्वतःच्या भाषेत घडवलेला शब्द आहे, आणि ग्रीक व्युत्पत्ती दाखवून त्याला कोणी कमी लेखू नये.

जुने दप्तर

कमी लेखण्याचा प्रश्न नाही, आणि उपरीही गावातच राहत असे. परंतु गावाच्या कारभारात त्याचा हक्क नसे. धर्मग्राम म्हणताना आपण सगळ्यांना मिरासदार करून टाकतो.

किनारपट्टी

गोव्यात पॅरिशला ‘फिर्गज’ म्हणतात, हेही विचारात घ्यावे. तो पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’पासून आला, आणि त्याच्या मुळाशी ‘चर्चचे पुत्र’ असा लॅटिन शब्दप्रयोग आहे. म्हणजे उपरेपण पोर्तुगीज बोलीतच गळून पडले होते आणि त्या जागी घरचा मुलगा आला होता. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, तेव्हा तेथेही आधी फिर्गजसारखाच शब्द रूढ असण्याची शक्यता मोठी आहे. पाणंद, आपल्याकडील जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत कोणता शब्द आहे ते पाहून येथे लिहावे.