स्पितीच्या वरच्या गावांत राहिला आहात? तिथलं रोजचं सांगा

फोटो भरपूर बघून झाले. लांगझाची बुद्धमूर्ती, 'की' गावचा बौद्ध मठ, चिचमचा पूल. मला ऐकायचंय ते तिथलं रोजचं : पाणी कुठून आणलंत, चुलीवर काय होतं, परसाकडे कुठे गेलात, रात्री ऊब कशाची. हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात काझाच्या वरच्या अंगाला किब्बर, लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं 4200 ते 4600 मीटरच्या पट्ट्यात आहेत. आपलं कळसूबाई 1646. तिथे एका घरात चार दिवस तरी राहिलेल्यांनी नक्की लिहा.

सुरुवात मी करते. हिमबिबट्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या गटाची मदतनीस म्हणून मी किब्बरला एका हिवाळ्यात अडीच महिने होते. दिवस उजाडायचा तो पाण्याच्या विचाराने. पाइप गोठलेले, त्यामुळे नळ नावालाच. न गोठणारा एक झरा होता, तिथून बायका पाठीवर कॅन बांधून पाणी आणायच्या. सांडलेलं पाणी वाटेवर गोठून काच व्हायचं. म्हणून आमचं घर जिचं होतं ती आमा, म्हणजे आई, रात्रीची राख टाकून न देता डब्यात भरून ठेवायची आणि सकाळी पुढे चालत वाटेवर मुठीमुठीने पसरायची. मागून येणाऱ्या सगळ्यांचे पाय त्या राखेवर. ज्या दिवशी झऱ्यापर्यंत जाता यायचं नाही, त्या दिवशी बर्फ वितळवायचा. शीग लावून पातेलं भरलं तरी तळाशी चार बोटं पाणी. पुण्यात परतल्यावर भांडी घासताना नळ सोडून ठेवणं मला आजतागायत जमलेलं नाही.

अख्खं घर हिवाळ्यात एका खोलीत येतं. मधोमध पत्र्याची शेगडी, तिला तिथे तंदूर म्हणतात. लाकूड खालून आणावं लागतं, वर झाडंच नाहीत. म्हणून शेणी वर्षभर वाळवून रचतात. आजोबा, म्हणजे मेमे, दिवसभर सूत कातत बसायचे. कुणी आत आलं की 'जुले' म्हणायचं आणि आधी शेगडीजवळची जागा द्यायची.

*

मी मूळची लातूरकडची. माळवदाच्या घरात वाढले, म्हणून लांगझाला गेल्यावर माझी नजर आधी वर गेली. तुळया, त्यावर काटक्या, त्यावर माती थापलेली. अगदी आमचंच धाबं! फरक एवढाच की आम्ही पावसाआधी वर पांढरी माती टाकून गळती थांबवायचो आणि तिथली काळजी बर्फाची. बर्फ पडला की ऊन चढायच्या आत लाकडी फावड्याने छत मोकळं करायचं, नाहीतर वितळून तो घरात उतरतो. कडेने लाकूड आणि चारा रचलेला असतो. घरमालकीण म्हणाली, हल्ली उन्हाळ्यात एखादा जोराचा पाऊस येतो, त्याची जास्त धास्ती वाटते. मातीचं छत पावसाचं नव्हेच. मी तिला आमची पांढरी माती आणि वळचणीला ठेवायचा उतार समजावून सांगितला. भिंतीवर बोटाने रेघा ओढत आम्ही दोघी तासभर बोलत होतो.

परसाकडचं विचारलंय म्हणून लिहिते, कारण याबद्दल लोक नाक मुरडून बोलतात आणि ते मला खटकतं. संडास दोन मजली. वरच्या जमिनीला भोक, कोपऱ्यात कोरडी माती आणि शेणाचा भुगा, बाजूला फावडं. झालं की दोन फावडी माती लोटायची. पाणी अजिबात नाही, ते गोठेल. वासही जवळजवळ नाही. खालच्या खोलीत वर्षभरात जे कुजतं ते वसंतात शेतात जातं. माझी आजी याला सोनखत म्हणायची. ज्या जमिनीत गवत मुश्किलीने उगवतं, तिथे हे फुकट घालवणं कुणाला परवडेल?

*

वरच्या ताईंनी खताचं लिहिलंय, मी पाण्याचं आणि पिकाचं लिहितो. आम्ही धुळ्याकडचे, पांझरेवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घेणं, माहीत असलेले. मुलाबरोबर ऑगस्टमध्ये किब्बरच्या एका घरी आठ दिवस राहिलो. तेव्हा हिरव्या वाटाण्याची तोडणी चालू होती. तिथे वर्षाला एकच पीक. खाली मैदानात वाटाणा नसतो त्या दिवसांत यांचा माल निघतो, म्हणून भाव मिळतो. सातू घरापुरता राखतात. तो भाजून दळलेलं पीठ म्हणजे त्सांपा, आपलं सातूचं पीठच की. लोणी आणि मीठ घातलेल्या चहात कालवून त्याचा गोळा खायचा.

तोडणीला मजूर थोडे, सावड जास्त. आज या घराच्या शेतात सगळे, उद्या त्या घराच्या. आम्हीही दोन दिवस तोडणी केली. शेंग ओढायची नाही, देठाशी नखाने खुडायची, नाहीतर वेल उपटून येतो. हे मला तिथल्या बारा वर्षांच्या मुलीने हात धरून शिकवलं. एका शेंगेत आठ दाणे, आणि इतकी गोडी आमच्या वाटाण्याला नाही, हे शेतकरी म्हणून सांगतो.

पाणी येतं वरच्या बर्फाचं, डोंगराच्या कुशीतून काढलेल्या पाटांनी. त्याला कूल म्हणतात. रात्री ते तळ्यात साठवतात आणि दिवसा पाळीने सोडतात. पाळी ठरलेली, तंटा झाला तर गाव बसून मिटवतं. स्पिती पर्जन्यछायेत, म्हणजे सगळी मदार हिवाळ्याच्या बर्फावर. ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी कूल लवकर आटते. घरमालक मला शेताच्या एका तुकड्यावर घेऊन गेला. पेरलाच नव्हता. म्हणाला, पाणी पुरलं नसतं. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघे तिथे बांधावर बसून राहिलो.

*

स्वयंपाकाबद्दल थोडं. कोमिकच्या उंचीवर पाणी साधारण 85 अंशांनाच उकळतं. म्हणजे पातेल्यात बुडबुडे दिसतात, पण डाळ शिजत नाही. कुकर हवाच, आणि त्यालाही कोल्हापूरपेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. मी एकदा पिठलं केलं. बेसन मी नेलेलं, लसूण त्यांचा. घरच्या आमांनी ते त्सांपाच्या गोळ्याला लावून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः करून बघितलं, वरून वाळवलेली छुरपी, म्हणजे तिथलं चीज, किसून घातली. त्या पिठल्याची चव अजून जिभेवर आहे.

आणि नव्याने जाणाऱ्यांनो, पहिले दोन दिवस गप्प पडून राहा. मी पहिल्याच संध्याकाळी चढून आले, रात्री डोकं फुटायची वेळ आली. त्या आमा रात्रभर उशाशी होत्या.

*

माझं लहानसंच आहे. हिक्किमला 1983 पासून टपाल कार्यालय आहे. तिथून आईला सांगलीला कार्ड टाकलं. ते पोचायच्या आधी मी घरी पोचलो होतो. पण टपालाची पिशवी तिथून काझापर्यंत माणूस पायी नेतो हे कळल्यापासून आईने ते कार्ड देवघरात ठेवलंय.

*

पुन्हा मीच, सुरुवात करणारी. कुणीतरी खासगीत विचारलं, हिमबिबट्याने गुरं मारली तर गावकरी चिडत नाहीत का? चिडतात, रडतातही. मी असताना एका घरचं याकाचं वासरू गेलं. घरची मुलगी दोन दिवस जेवली नाही. पण किब्बरमध्ये नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या मदतीने गावानेच गुरांचा विमा चालवला आहे. घरोघरचे लोक हप्ता भरतात, नुकसान झालं की गावची समिती खात्री करून भरपाई देते. काही कुरणंही गावाने चराईसाठी बंद ठेवली आहेत, रानमेंढ्यांना खायला उरावं म्हणून. मुलीचं रडणं त्याने थांबलं नाही, पण तिच्या बापाने सापळा लावला नाही.

आज सकाळी आमाला फोन लागला. या खेपेला डिसेंबर कोरडा गेला होता, दर फोनला 'अजून नाही' एवढंच ऐकत होते. आज ती धापा टाकत बोलत होती. रात्रीत गुडघाभर पडला म्हणाली. मागे फावड्यांचे आवाज येत होते. सगळं गाव छतावर होतं, आणि तिला बोलायला वेळ नव्हता.