मदत हवी आहे: स्लिंगच्या शस्त्रक्रियेनंतर जांघेतली कळ थांबत नाही

नीलाक्षी: नमस्कार. खोकताना-शिंकताना लघवी होत असे म्हणून इंग्लंडमध्येच मूत्रनलिकेला आधार देणारी जाळीची टेप (स्लिंग) बसवून घेतली. गळती थांबली, परंतु जांघेत सतत कळ असते आणि जिना चढवत नाही. जीपी (इथले फॅमिली डॉक्टर) वेदनाशामक गोळ्यांपलीकडे जात नाहीत. पुण्याला येऊन टेप काढून घेतल्यास किती दिवस लागतील, एवढेच कृपया सांगावे.

चारुलता: ओटीपोटाकडून जाणारी टीव्हीटी की जांघेतून जाणारी टीओटी? कोणत्या वर्षी बसवली, रक्त जाते का, लघवी पूर्ण होते का, यातले काहीच ठाऊक नसताना दिवस कोण सांगणार?

रानवारा: विचार कसला करता, संपूर्ण काढून टाका. इंग्लंडने जुलै 2018 मध्ये स्थगिती दिली ती उगीच नव्हे.

डॉ. सुमेधा: ती स्थगिती नव्याने मेश, म्हणजे अशी जाळी, बसवण्यावर होती, ज्यांना बसवली त्या सर्वांनी ती काढावी, असा तिचा अर्थ नाही. पॉलिप्रोपिलिन या प्लास्टिकच्या जाळीच्या छिद्रांतून ऊती वाढतात आणि त्यामुळेच ती जागेवर धरली जाते, म्हणून ती अलगद ओढून निघत नाही. टीओटी पूर्ण काढायची तर जांघेतही छेद घ्यावे लागतात, आणि एवढे करूनही कळ राहू शकते किंवा गळती परतू शकते.

रानवारा: माझ्या वहिनींचा नुसता वरचा तुकडा कापला आणि दुखणे तसेच राहिले. अर्धवट कामाला माझा विरोध आहे.

गार्गी: मी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तीन महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम केले आणि शस्त्रक्रियेची वेळच आली नाही. सर्वांनी आधी तेच करावे.

चारुलता: गार्गीताई, सल्ला उत्तम आहे, पण यांची टेप बसून झाली आहे.

नीलाक्षी: टीओटी, 2016. लघवी पूर्ण होते. रक्ताचे डाग अधूनमधून दिसतात. संबंधांच्या वेळी यजमानांनाही काहीतरी टोचते, पण पुरुष जीपींपुढे हे बोलणे अवघड जाते.

डॉ. सुमेधा: मग मेश योनिमार्गाच्या भिंतीतून उघडी पडल्याची दाट शक्यता आहे. स्त्री डॉक्टरांची वेळ मागा, टोचण्याचे आणि डागांचे स्पष्ट सांगा, आतून तपासणी करून घ्या आणि एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) मेश केंद्राकडे पाठवण्याचा आग्रह धरा. मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी होण्याआधी तिकीट काढू नका. शस्त्रक्रियेची नोंद व टेपचे नाव असलेले स्टिकर रुग्णालयाकडून मागवा. पुण्यातले शल्यविशारदही प्रथम तेच विचारतील.

रानवारा: आणि त्यांनी स्वतः किती टीओटी पूर्ण काढल्या, हे तुम्ही त्यांना विचारा.