स्टीलच्या घडीच्या चाकूवरचे ओरखडे, मदत हवी आहे

मंडळी, बाबांचा जुना घडीचा चाकू सध्या माझ्याकडे आहे. मूठ अख्खी स्टेनलेस स्टीलची, मॅट, लांबीच्या दिशेने बारीक रेघा असलेली. येऊरला जाताना सॅकच्या एकाच कप्प्यात चाकू आणि किल्ल्यांचा जुडगा टाकला (मूर्खपणा माझाच) आणि मुठीवर सात-आठ आडवे ओरखडे पडले. दोन तर नखाला लागतात.

भांड्यांचा हिरवा स्क्रबर गोल गोल फिरवून पाहिला. ओरखडे जागच्या जागी, वर धुरकट चकंदळं! रेघांच्या दिशेनेच घासायला हवं होतं, हे नंतर सुचलं. आता जांभळी नाक्यावरून ४०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) आणलाय, पण हात धजत नाही. कारण त्याच बाजूला बाबांचं नाव आहे, भांड्यांवर घालतात तसं टिंबाटिंबांचं.

खोल ओरखड्यांना ४०० पुरेल की आधी २२०, म्हणजे आणखी खरखरीत, लागेल? नाव न पुसता किती घासता येईल? पॉलिश पेस्ट लावली तर तेवढाच भाग चमकेल, असं मला वाटतं, बरोबर ना? आणि भुगा सांध्यात जाऊ नये म्हणून नुसती चिकटपट्टी चालेल का?

बफिंगवाल्याकडे (मशीनवर पॉलिश करणाऱ्याकडे) द्या असं कृपया सांगू नका. आईच्या डब्यावरचं नाव तिथेच गेलं.