मदत हवी आहे: शेडमध्ये दोन मोठे कूलर, तरी घाम थांबत नाही

पत्र्याखालचा: चाकांचे दोन मोठे कूलर आणलेत. पहिला तासभर मस्त गार, मग अंग नुसतं चिकचिकतं. पंप चालू आहे, जाळ्या ओल्या आहेत, त्यामुळे 'पाणी बघा' सांगू नका. तिसरा घेऊ का? लवकर सांगा, पोरं वैतागलीत.

खटपट्या: शेड केवढी? दारं उघडी की बंद?

पत्र्याखालचा: ६० बाय ४०, उंची १८ फूट. शटर बंद, धूळ येते. त्याचा काय संबंध?

खटपट्या: अहो, तोच तर संबंध! दमट हवेला बाहेर वाट नसेल तर तीच फिरून जाळीत येते. मग पाण्याची वाफ होणार कशी? कूलरची पाठ खिडकीला लावा, समोरचं शटर अर्धं वर करा.

गवतवाला: हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या कागदी जाळ्या) काढा, गवताच्या जाळ्या बसवा. आम्ही कायम गवतच वापरतो.

मिस्त्री: गवत खाली बसतं, वरची जाळी कोरडी राहते. काहीही सांगू नका.

गवतवाला: हनीकोंबावर क्षारांचा पांढरा थर बसला की बोलू.

मिस्त्री: टाकी वरचेवर रिकामी करा, इतका नाही बसत.

हिशेबी: शेड ४३,२०० घनफूट. तासाला वीसदा हवा बदलायची तर मिनिटाला १४,४०० घनफूट हवा लागेल. कूलरवर किती लिहिलंय?

पत्र्याखालचा: ४,०००.

हिशेबी: म्हणजे तिसऱ्यानेही भागणार नाही. अख्खी शेड गार करायचा नाद सोडा, झोत माणसांवर घ्या. आणि हवामान बघा. बाहेर ४० अंश, आर्द्रता २० टक्के असेल तर चांगला कूलर २६ अंशांपर्यंत हवा देतो. आर्द्रता ५० टक्के असेल तर ३२-३३च्या खाली नाही.

शंकेखोर: घरी एसीसोबत कूलर लावला तर वीज वाचेल का?

खटपट्या: नाही. एक ओलावा काढणार, दुसरा घालणार. वेगळा धागा काढा.

पत्र्याखालचा: शटर उघडलं, बराच फरक आहे. पण काल लेथवरून (लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावरून) उतरवलेल्या शाफ्टवर आज गंजाचे तांबूस ठिपके!

खटपट्या: लेथ आहे हे आत्ता सांगताय? तयार मालावर तेलाचा हात फिरवा, कूलरचं तोंड तिकडून वळवा.

पत्र्याखालचा: बरं. बाहेर माल चढवतात तिथे एक नेला तर?

मिस्त्री: चालेल, पण माणसाच्या अगदी जवळ, वाऱ्याच्या दिशेने. दहा पावलांवर ठेवलात तर झोत वाऱ्यातच विरतो.

गवतवाला: आणि गवत.